आवाज ऐकू येणे आणि मेंदूतील ‘बक्षीस-यंत्रणा’ यांचा संबंध काय?

प्रश्न (धाकटीपाती): माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी (रुग्ण) आहे. औषधे नियमित चालू असूनही त्याला आवाज ऐकू येतात. अशा रुग्णांच्या मेंदूतील बक्षीस-यंत्रणेची जोडणी वेगळी असते, असे वाचनात आले. ऐकण्याचा बक्षिसाशी काय संबंध? त्याचा एमआरआय काढून हे कळेल का?

औदुंबर: ‘बक्षीस’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला, की बक्षीस-यंत्रणेतील, डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी चेतत. पण रस येणार हे आधीच्या खुणेवरून कळू लागल्यावर त्या रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे कशाकडे लक्ष द्यायचे, हे ठरवण्यात या यंत्रणेचा मोठा वाटा असतो. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडले, की डोपामिन अवेळी स्रवू लागले तर क्षुल्लक गोष्टींना, अगदी मनात उमटलेल्या शब्दांनाही, अवाजवी महत्त्व चिकटते. औषध डोपामिनच्या या परिणामाला आवर घालते, म्हणून त्याने आवाज लगेच थांबत नाही. आधी त्याची पकड सैल होते.

शुभंकर_पुणे: एमआरआयबद्दल लिहितो. येथे जोडणी म्हणजे तारा नव्हेत. दोन भागांतील रक्तप्रवाहाशी निगडित संकेत एका लयीत वरखाली होतात का, एवढेच त्यात मोजतात. निवांत पडलेल्या माणसाच्या मेंदूतही अशी लय असते, हे भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवले. फ्रान्समधील २०१५ च्या एका अभ्यासात, भास न होणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत, आवाज ऐकणाऱ्यांत न्यूक्लियस अकम्बन्स (बक्षीस-यंत्रणेतील एक भाग) आणि श्रवणाशी संबंधित डावा भाग यांचा मेळ अधिक आढळला. मात्र हा गटांच्या सरासरीतला फरक आहे. एका माणसाच्या चित्रावरून त्याचे निदान होत नाही. गाठ वगैरे नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतात, ती गोष्ट वेगळी.

औदुंबर: एक पुरवणी. आवाज काय बोलतो, हे मात्र मेंदूतील या जोडणीवरून कळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन माटेओ, घानातील अक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिले, तेव्हा चेन्नईतील अनेकांना नातेवाइकांचे, घरकामे सांगणारे आवाज ऐकू येत होते. अमेरिकेतील आवाज बहुधा हिंसक होते.

धाकटीपाती: आभारी आहे. भाऊ हल्ली म्हणतो, “ते बोलतात, पण मला उत्तर द्यावेसे वाटत नाही.” आम्ही हे औषधाचे अपयश समजत होतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एमआरआयऐवजी याबद्दलच विचारीन.