मदत हवी आहे: डिस्कस काळे पडलेत, कोपरा सोडत नाहीत

शांत_पाणी (मंगळवार, सकाळी ८:१०)
सहा डिस्कस मासे आहेत. कालपासून सगळे काळपट पडलेत. हीटरच्या मागे एकमेकांना चिकटून बसतात, खायला टाकलं तर बघतही नाहीत. गेल्या आठवड्यापर्यंत हातातून खात होते. पाणी एकदम स्वच्छ आहे, हीटर चालू, फिल्टर चालू. कुठलं औषध टाकू एवढंच सांगा. दुकानदार फोन उचलत नाही आणि ९ ला मला घर सोडायचंय. फोटो चढत नाहीये. एकेक १,४०० ला आणलाय हो.

डिस्कसवेडा (८:२२)
हेक्सामिटा, आतड्यातला परजीवी. डोळे झाकून सांगतो. मेट्रोनिडॅझोल टाका, दर ४० लिटरला २५० मिग्रॅ. तापमान ३२ करा. माझ्या चार माशांचं अगदी असंच झालं होतं, आठवड्यात टुणटुणीत.

काचघर (८:३१)
डोळे उघडून सांगा की. आधी माहिती तरी येऊ दे.
शांत_पाणी, टाकी किती लिटरची, किती महिन्यांची? तापमान? पीएच? अमोनिया आणि नायट्राइट किती? शेवटचं पाणी कधी बदललं आणि कुठलं: नळाचं, बोअरचं की टँकरचं? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे का? औषधाचं नंतर बघू. आत्ता काही टाकू नका, खाणंही नको.

शांत_पाणी (८:४०)
चार फुटी. आठ महिने झाले. तापमान २९. बाकीचं कधी मोजलं नाही, पाणी स्वच्छ आहे म्हटलं ना, तळ दिसतो. शनिवारी टाकी धुतली, तेव्हाही ठीक होते. निघालो.

डिस्कसवेडा (८:४४)
टाकी धुतली??? आठ महिने चाललेली टाकी रिकामी करून धुतली? आणि मग विचारता काय झालं?

गप्पी_बरा (९:०२)
नवीन लोक साबणानेही धुतात. एकाने भांड्यांची पावडर वापरली होती. म्हणून मी म्हणतो, आधी वर्षभर गप्पी पाळा. गप्पी काही बोलत नाहीत आणि मरतही नाहीत.

काचघर (९:१०)
पूर्ण धुतली असेल तर सगळे जिवाणू गेले. म्हणजे टाकी आज पहिल्या दिवसावर आली. वाळू, फिल्टर सगळं धुतलंत का? कशाने?

दिशा_बदला (९:३५)
मत्स्यालय कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला असेल तर प्रश्न येत नाही. आमच्याकडे आग्नेयेला होतं, वर्षात तीन ऑस्कर मासे गेले.

कोकणी_आजोबा (१०:१५)
बदामाची पानं टाका. दुकानातली १० रुपयांना एक वाली नको, रस्त्याकडेच्या देशी बदामाची, आपोआप गळलेली, वाळलेली लाल पानं. धुवून चार-पाच सोडायची. पाण्याला चहासारखा रंग येतो, मासा शांत होतो. अमेझॉनमध्येही पाणी असंच काळं असतं. सोबत मूठभर खडे मीठ. माझी ३० वर्षं याच्यावर गेली.

डिस्कसवेडा (१०:२८)
आजोबा, पुण्या-मुंबईच्या नळाच्या पाण्यात पान काम करतं, ते पाणी धरणाचं, मऊ. बोअरचं पाणी असेल तर नुसता चहा होतो, पीएच जागचा हलत नाही. आपला काळा दगड पाण्यात चुना सोडून बसलेला असतो. आणि डिस्कसला मीठ? ते गोड्या पाण्यातले आहेत हो.

कोकणी_आजोबा (१०:३३)
तुम्ही किती वर्षं पाळताय?

डिस्कसवेडा (१०:३४)
सहा. पण वाचून पाळतो.

फोंडेकर (११:२०)
खाणं काय घालता ते कोणीच विचारलं नाही. सुक्या दाण्यावर डिस्कस टिकत नाही. मी सुंगटं सोलून, शिर काढून, थोडा पालक आणि लसणीची एक पाकळी घालून वाटतो, पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवतो. रोज नखाएवढा तुकडा. गोव्यात हे परवडतं, तुमच्याकडे कोलंबीचा भाव काय असेल कोण जाणे.

डिस्कसवेडा (११:३१)
बीफहार्टशिवाय अंग भरत नाही. बाहेरचे ब्रीडर तेच घालतात.

फोंडेकर (११:४०)
अमेझॉनमध्ये गुरं कोण कापून घालतं त्यांना? गरम रक्ताच्या प्राण्याची चरबी माशाला पचत नाही.

डिस्कसवेडा (११:४२)
चरबी काढूनच घालतात, तेवढं कळतं.

गप्पी_बरा (११:५५)
गप्पी डासांच्या अळ्या खातात. महापालिका फुकट देते.

शांत_पाणी (दुपारी १:१५)
जेवायला बसलो आणि हे सगळं वाचलं. अहो, टाकी म्हणजे माझी टाकी नाही! सोसायटीची! गच्चीवरची! शनिवारी माणसं बोलावून धुऊन घेतली, दर पावसाळ्यात धुतात. माझ्या टाकीला कोण धुईल, २५० लिटर आहे ती. आणि ते खातच नाहीयेत तर काय घालू हा प्रश्नच कुठे येतो. दिशा वायव्य आहे, प्लीज.

काचघर (१:२२)
हे सकाळी सांगायला हवं होतं. धुतल्यावर टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली असणार. त्यानंतर तुम्ही मत्स्यालयाचं पाणी बदललंत का? आणि फिल्टर?

शांत_पाणी (१:३०)
पाणी दर रविवारी बदलतोच, अर्धं. अँटीक्लोरीनचे थेंब टाकतो, नेहमीइतकेच. फिल्टरचंही रविवारीच. मी बादलीत टाकीतलंच पाणी घेऊन स्पंज पिळतो, दुकानदाराने सांगितलंय. फक्त या वेळी मेहुणा आला होता, त्याने हौसेने केलं. नळाखाली धरून अगदी पांढरा शुभ्र करून आणला. त्यातल्या त्या सिरॅमिकच्या नळ्यासुद्धा घासल्या. त्याचा काय संबंध?

काचघर (१:४१)
सगळा संबंध तिथेच आहे.
माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. स्पंजवर आणि त्या नळ्यांवर बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ते जमायला महिना-दीड महिना लागतो. दिसतात कसे, तर तपकिरी घाण. मेहुण्याने ती घाणच धुतली, आणि तीही ब्लीचिंगच्या पाण्याने. रविवारी धुतलं, सोमवारी मासे काळे. तुमचं पाणी आजही स्वच्छच दिसणार, कारण अमोनियाला रंग नसतो.
आणि सहाच्या सहा एकाच दिवशी काळे पडलेत. रोग एकापासून सुरू होतो, एक खायचं सोडतो, मग दुसरा. सगळे एकदम बसले की आधी पाणी बघायचं.

डिस्कसवेडा (१:५०)
हेक्सामिटा ताणामुळेही बाहेर येतो. मी चूक आहे असं नाही. ३२ तापमान केलं तर नुकसान काय?

काचघर (१:५८)
दोन नुकसानं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. दुसरं, तापमान आणि पीएच चढले की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. पीएच ८ आणि ३० अंशांना एकूण अमोनियापैकी सात-आठ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तो एक टक्काही नसतो. यांच्याकडे पीएच किती तेच माहीत नाही, आणि तुम्ही हीटर वाढवायला सांगताय. मेट्रोनिडॅझोल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पांढरी दोरी, म्हणजे हेक्सामिटाची खूण, दिसली तर मीच सांगेन.

निवृत्त_आरोग्यसेवक (२:३०)
माशांतलं मला कळत नाही. घरी नातवाचा एक बेट्टा आहे तेवढाच. पण सगळी नोकरी टीसीएल हाताळण्यात गेली. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की पालिका डोस वाढवते, त्यावर सोसायटीवाले डोळ्यांच्या अंदाजाने पावडर ओततात. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे असा नियम. धुतलेल्या टाकीत त्याच्या दहापट सापडलेला मी पाहिलाय.
ओटी टेस्ट करा. नळीत पाणी, दोन थेंब, पिवळं झालं की क्लोरीन आहे. गडद पिवळं म्हणजे भरपूर. ते नळीतलं पाणी मोरीत ओता, चुकूनही माशांत नाही. आमच्या प्राथमिक केंद्रात एका ग्रामसेवकाने विहिरीत न टाकताच वहीत ओटी पॉझिटिव्ह लिहिलं होतं, त्याची गोष्ट पुन्हा कधी.

गप्पी_बरा (२:३६)
सांगा की आत्ताच.

शांत_पाणी (संध्या. ७:२०)
येताना किट घेऊन आलो, ९०० गेले. पीएच ७.८. अमोनियाची नळी हिरवी झालीय, तक्त्याशी जुळवली तर १. नायट्राइट शून्य. एक टर्क्वॉइज जातीचा डिस्कस आडवा होतोय, पुन्हा सरळ होतो. पिजन ब्लड जातीच्या डिस्कसवर काळे ठिपके पण आलेत. लवकर सांगा. पाणी बदलू तर गच्चीवरचंच पाणी, ब्लीचिंगवालं. न बदलू तर अमोनिया.

काचघर (७:२६)
घाबरू नका, क्रमाने करा.
१. स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ थेट पालिकेच्या लाइनवर असतो का बघा. असेल तर ते घ्या, गच्चीवरचं नको.
२. ड्रम किंवा बादल्या भरा, अँटीक्लोरीन नेहमीच्या दुप्पट टाका, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. अँटीक्लोरीन म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोच्या डार्करूमवाल्यांचं हायपो. थोडं जास्त झालं तरी मासा सोसतो, क्लोरीन सोसत नाही.
३. पाणी २९ ला आणा, मग अर्धं बदला. सावकाश. उद्या सकाळी पुन्हा मोजा, पुन्हा बदला.
४. टाकीत दुसरा एअरस्टोन. दिवा बंद. खाणं बंद. तीन दिवस उपाशी राहिल्याने डिस्कस मरत नाही.
ठिपक्यांचं सांगते. सगळं अंग काळवंडलंय की मिरपूड भुरभुरल्यासारखं आहे? मागचा कागद काळा असेल तर पिजन ब्लडवर मिरपूड येतेच. तो रोग नाही, त्या जातीची खोडच आहे. निळा किंवा पांढरा कागद लावा, पण आज नको.

शांत_पाणी (७:३१)
कागद काळाच आहे. बायकोने निवडला होता. स्वयंपाकघराचा नळ थेट आहे. सुरू करतो.

कोकणी_आजोबा (७:५०)
पीएच ७.८ म्हणजे पानाचा उपयोग होणार नाही, डिस्कसवेडा बरोबर. पण मिठाचं मी मागे घेत नाही. आज अमोनिया आहे, चार दिवसांनी नायट्राइट येणार. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो, रक्त तपकिरी होतं आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याची वाट अडवतं. दर लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पाव किलो, विरघळवून, निम्मं-निम्मं दोनदा. पुस्तकात नसेल तर माहीत नाही.

काचघर (७:५५)
पुस्तकातही आहे, आजोबा. नायट्राइट दिसला की नक्की टाका. सकाळी मी तुमच्याकडे लक्ष दिलं नाही, चुकलं.

डिस्कसवेडा (८:०५)
हे मलाही माहीत नव्हतं. पण मुळात वाळू कशाला? काचेचा उघडा तळ, रोज अर्धं पाणी, एक स्पंज. माझ्याकडे असंच आहे. वाळूत घाण दबून राहते.

फोंडेकर (८:१२)
तुमच्या टाकीचा फोटो मी पाहिलाय, दवाखाना वाटतो. मासा कशासाठी पाळायचा, बघायला ना?

काचघर (८:२०)
तो वाद नव्या धाग्यावर घाला, कृपा करून.
शांत_पाणी, तुम्ही पुण्यात का? मी कर्वेनगरात आहे. माझ्या टाकीत दोन वर्षं चाललेला जादा स्पंज आहे, पिळून पिशवीत ओला देते. तुमच्या फिल्टरमध्ये ठेवला की निम्मे जिवाणू तयार. सुकू द्यायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डिस्कसवेडा (८:२४)
परक्या टाकीचा स्पंज? कल्ल्यातले कृमी घेऊन येईल. मी कधीच घेत नाही.

काचघर (८:२७)
माझ्या टाकीत वर्षभर नवा मासा आलेला नाही. आणि त्यांच्यापुढे आज रात्रीचा प्रश्न आहे.

शांत_पाणी (८:३०)
धायरी. निघालो. आई पाणी गरम करतेय.

शांत_पाणी (बुधवार, सकाळी ६:४५)
अमोनिया ०.५. तो टर्क्वॉइज रात्री गेला. बाकीचे पाच हीटरच्या मागेच, पण कल्ले जरा सावकाश हलतायत. पुन्हा अर्धं बदललं. शेजारच्या काकांनी विचारलं, पहाटे साडेपाचला बादल्या कसल्या भरताय.

काचघर (७:०५)
वाईट वाटलं. त्याचे कल्ले उघडून बघितलेत का? राहू दे. संध्याकाळी पुन्हा मोजा.

निवृत्त_आरोग्यसेवक (९:१०)
सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून ठेवा, टाकी धुणार असाल तर आदल्या दिवशी सूचनाफलकावर लावा. फक्त माशांसाठी नाही, लहान मुलांच्या दुधासाठीही.

शांत_पाणी (शनिवार, रात्री ९:४०)
धागा वर काढतोय. अमोनिया शून्याच्या जवळ. काल नायट्राइट ०.५ दिसला, आजोबांचं मीठ टाकलं. आज ०.२५. पाचपैकी तिघे पुढे आलेत, रंग परतलाय. आज फ्रोझन ब्लडवर्मचा (गोठवलेल्या लाल अळ्यांचा) अर्धा तुकडा टाकला, दोघांनी खाल्ला, एकाने तोंडात घेऊन थुंकला. पांढरी दोरी कुणाचीच नाही, डिस्कसवेडा, मी मुद्दाम टॉर्च लावून बघितलं.
मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने विचारलं, टाकी कशी आहे, तर म्हटलं, चकाचक.

डिस्कसवेडा (९:५२)
थुंकून पुन्हा खातात, तो त्यांचा स्वभाव आहे. दोरी नाही हे चांगलंच. तरी गोळ्या घरात असू द्या.

पहिला_मासा (१०:१५)
नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही. मलाही डिस्कस घ्यायचेत. दीड फुटाची टाकी आहे, दोन चालतील का?

गप्पी_बरा (१०:१७)
टाकी कुठली, गच्चीवरची?