मदत हवी आहे: नवा कॅमेरा घेतला आणि जुना जिवंत झाला

तारकर्लीच्या वाळूनंतर माझ्या खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स अर्धवट बाहेर अडकली. पडद्यावर 'लेन्स एरर', की लगेच बंद. दुरुस्तीचा खर्च ऐकून नवाच घेतला. परवा भाचीला खेळायला द्यावा म्हणून जुना काढला, लेन्स खाली धरून रबरी ब्लोअरने कडेच्या फटीत हवा मारली, बॅटरी घातली, आणि पठ्ठ्या सुरू झाला! फोटो अजूनही झकास येतात, त्यामुळे आता टाकवत नाही.

पण झूम करताना करकर आवाज येतो. आत वाळू उरली असेल, की गिअरचे दात गेले असतील? लेन्सचा भाग घरी उघडावा का? फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बॅटरी काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, म्हणून हात धजत नाही. तो सुरक्षितपणे कसा उतरवतात?

शिवाय बॅटरी काढली की तारीख पुसली जाते. आतला छोटा सेल संपला असावा. तो बदलता येतो का?

आणखी एक: हा फक्त 2 जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डं घेतो, एसडीएचसी (त्यानंतरची जास्त क्षमतेची कार्डं) चालत नाहीत. पुण्यात अशी कार्डं आणि जुने कॅमेरे उघडणारा कारागीर कुठे मिळेल? 'नवा आहे ना, मग कशाला?' हे घरी रोज ऐकतोय, ते सोडून काहीही सांगा.