'फिनलंडायझेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि या शब्दापाशी अडकलेय. अर्थ कळतोय, की शेजारी दांडगा आहे म्हणून निवडणुका, बाजार, कायदे सगळं आपलं ठेवायचं पण परराष्ट्र धोरण मात्र त्याचा कल बघून चालवायचं. 'मांडलिकत्व' चालेल का?

– नाही हो. मांडलिक खंडणी देतो. फिनलंडने १९४८ला सोव्हिएतशी मैत्री करार केला पण वॉर्सा करारात, म्हणजे सोव्हिएतच्या लष्करी गटात, काही तो गेला नाही.

– खंडणी नाही कशी? ३० कोटी डॉलरचा माल दिला की, १९५२ पर्यंत!

– ती दुसऱ्या महायुद्धाची भरपाई. खंडणी अशी फिटत नसते :)

– मग 'मिंधेपणा'?

– मिंधा माणूस उपकाराखाली असतो, इथे उपकार कसले? मला 'दबून राहणं' जवळचं वाटतं. १९६१चंच बघा ना, निवडणूक तोंडावर आलेली आणि मॉस्कोहून खलिता आला की लष्करी सल्लामसलत करू या, मग फिनलंडचे अध्यक्ष केक्कोनेन थेट सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना भेटायला गेले आणि इकडे त्यांच्या विरोधातल्या होंकांनी उमेदवारीच मागे घेतली. 'बसा खाली' असं कुणी म्हणालं नव्हतं, तरी बसले.

– पण शब्द कुणाच्या तोंडचा आहे तेही बघा. पश्चिम जर्मनीतल्या वादावादीत तो टोमणा म्हणून चालला, म्हणजे आपलाही फिनलंड होईल वगैरे. फिनिश माणसाला तो झोंबायचा, त्याच्या लेखी ते 'सांभाळून राहणं' होतं. नेपाळात राजे पृथ्वीनारायण शाहांच्या नावावर 'दोन दगडांमधला तरुल' सांगतात, तरुल म्हणजे कंद आणि दगड म्हणजे दोन बलाढ्य शेजारी, त्यात कमीपणा नाही, आपण कुठे बसलोय एवढंच सांगितलंय. आणि भूतानच्या १९४९च्या करारात परराष्ट्र व्यवहार भारताच्या 'सल्ल्याने' चालतील असं होतं, २००७ला ते कलम बदललं. सल्ला हा शब्दसुद्धा कोण देतंय त्यावर जड-हलका होतो.

– पटलं. टीकाकार बोलतोय तिथे 'दबून', फिनिश माणूस बोलतोय तिथे 'सांभाळून', आणि शीर्षकात सरळ 'फिनलंडीकरण' ठेवते. पण शेवटी ४ एप्रिल २०२३ला फिनलंडवाले नाटोत, म्हणजे पाश्चात्य लष्करी आघाडीत, गेले तिथे लेखकाने 'डी-फिनलंडायझेशन' लिहिलंय, त्याचं काय करू?

– 'नाटोत गेले' एवढंच लिहा.