कॅमेरा पुरुष असतो का? भयपटांच्या सुरुवातीच्या दृश्यांविषयी एक प्रश्न

प्रश्न : वैशाखी

नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जमतो, एखादा चित्रपट पाहतो आणि मग त्यावर बोलतो. भयपटांच्या सुरुवातीच्या दृश्यांत स्त्री आणि पुरुष कसे दाखवले जातात, या विषयावर पुढच्या बैठकीत अर्धा तास बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कथानक बाजूला ठेवून मी फक्त तंत्राविषयी बोलणार आहे. कॅमेरा कोठे उभा आहे, कट कधी येतो, कोणाचा आवाज ऐकू येतो, एवढेच.

त्यासाठी मी जॉन कारपेंटर यांच्या ‘हॅलोविन’ची (१९७८) सुरुवात निवडली आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅडनफील्ड नावाचे काल्पनिक अमेरिकन गाव, १९६३ सालची हॅलोविनची, म्हणजे मुले मुखवटे आणि सोंगे घेऊन फिरतात त्या सणाची, रात्र. कॅमेरा एका पांढऱ्या घराकडे चालत जातो, खिडकीतून सोफ्यावरचे तरुण जोडपे पाहतो, ते दोघे वर गेल्यावर मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, आणि एक हात खणातून सुरी उचलतो. तरुण निघून गेल्यावर कॅमेरा जिना चढतो, जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा चढवतो आणि आरशासमोर उघड्या अंगाने केस विंचरत बसलेल्या ज्युडिथला ठार करतो. सुमारे चार मिनिटे आपण मारेकऱ्याच्या डोळ्यांनीच सारे पाहत असतो. शेवटी अंगणात वडील मुखवटा काढतात तेव्हा कळते की तो तिचा सहा वर्षांचा भाऊ मायकल आहे.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या निबंधात मांडलेली पुरुषी नजरेची कल्पना येथे अक्षरशः दिसते, म्हणजे पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री, असे मी टिपणात लिहिले होते. पण दृश्य तिसऱ्यांदा पाहताना मला ते वाक्य खोडावेसे वाटू लागले. मी स्त्री आहे. मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असूनही माझी भीती पूर्ण वेळ ज्युडिथच्या बाजूची होती. मग कॅमेऱ्याची नजर पुरुषी आहे असे म्हणताना मी नक्की काय म्हणत आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : भिंगवाला

वैशाखीताई, मी बरीच वर्षे कॅमेरा विभागात सहायक म्हणून काम केले आहे, त्यामुळे सिद्धान्तापेक्षा यंत्राविषयी बोलतो.

हा शॉट पॅनाग्लाइडवर घेतलेला आहे. गॅरेट ब्राउन यांनी शोधलेला स्टेडिकॅम, म्हणजे चालतानाही चित्र हलू न देणारे, अंगावर बांधायचे कॅमेऱ्याचे उपकरण, चित्रपटांत नुकताच, १९७६ पासून, दिसू लागला होता आणि पॅनाग्लाइड हे पॅनाव्हिजन कंपनीचे त्याच प्रकारचे उपकरण. त्याआधी अशा दृश्यासाठी कॅमेरा खांद्यावर घेऊनच चालावे लागे आणि प्रत्येक पावलाचा हिसका चित्रात उतरत असे. बॉब क्लार्क यांच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ची (१९७४) सुरुवात काढून पाहा. मुलींच्या वसतिगृहाची भिंत चढून माळ्यावर शिरणारा माणूस तेथेही त्याच्याच नजरेतून दाखवला आहे, पण त्याचे धापा टाकणे, धडपडणे, खिडकीच्या चौकटीला धरणारे हात हे सारे जाणवत राहते. तेथे चालणाऱ्याला शरीर आहे. ‘हॅलोविन’मधला कॅमेरा मात्र तरंगत जातो. चालणारा जड आहे की हलका, थकला आहे की नाही, यातले काहीच चित्र आपल्याला सांगत नाही.

आता उंचीकडे लक्ष द्या. सहा वर्षांच्या मुलाची नजर ओट्याच्या वर जेमतेम पोहोचेल, पण येथे कॅमेरा जवळजवळ पूर्ण वाढलेल्या माणसाच्या उंचीवरून पाहतो. हे अर्थातच खोटे आहे आणि शेवटच्या धक्क्यासाठी ते आवश्यकही आहे. सुरी उचलणारा हात तर डेब्रा हिल यांचा आहे, म्हणजे चित्रपटाच्या सहलेखिका आणि निर्मात्या असलेल्या स्त्रीचा. तो हात पाहताना आपल्यापैकी कोणालाही तो बाईचा आहे अशी शंका येत नाही.

मुखवटा चढवतानाच्या काळोखात एक कट लपवलेला आहे. त्यानंतर पडद्यावर डोळ्यांची दोन भोकेच उरतात आणि एवढ्या रुंद चौकटीचा बहुतेक भाग काळा होतो. वार सुरू होतात तेव्हा नजर ज्युडिथवर खिळून राहत नाही, वर-खाली होणाऱ्या स्वतःच्या हाताकडे वळते. स्त्रीदेह न्याहाळणे एवढाच हेतू असता, तर छायाचित्रणकार डीन कंडी यांनी नेमक्या त्याच क्षणी चौकट इतकी अरुंद होऊ दिली नसती, असे मला वाटते.

प्रतिसाद : पिंपळपान

भिंगवाला यांनी सांगितलेल्या हाताच्या गोष्टीला जोडूनच लिहिते, कारण प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) हा ‘हॅलोविन’च्या यशानंतर त्याच वाटेने गेलेला चित्रपट. त्याची सुरुवातही १९५८ सालातील एका उन्हाळी शिबिरात, मारेकऱ्याच्या नजरेतून होते. प्रेक्षक शेवटपर्यंत धरून चालतो की ही नजर पुरुषाची आहे, आणि शेवटी मारेकरी निघते ती एक आई, आपल्या बुडालेल्या मुलाचा सूड घेणारी पामेला व्हूऱ्हीज. दिग्दर्शकाने पुरुष दाखवलेला नाही, एवढेच काय, तसे कोठे सांगितलेलेही नाही. रिकाम्या जागेत पुरुष नेऊन बसवला तो आपण. हा गैरसमज इतका पक्का आहे की ‘स्क्रीम’च्या (१९९६) सुरुवातीला फोनवरचा मारेकरी केसी नावाच्या मुलीला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधील खुनी कोण, असा प्रश्न विचारतो आणि ती पोटतिडकीने ‘जेसन’ असे, मुलाचे नाव सांगते. त्या चुकीची किंमत तिच्या मित्राला जिवाने मोजावी लागते.

म्हणून टिपणात कॅमेरा पुरुष आहे असे न लिहिता, कॅमेरा पाहणाऱ्याचे लिंग लपवतो आणि ती जागा भरण्याचे काम प्रेक्षकावर सोडतो, असे लिहावे. मल्व्ही यांचा निबंध स्टर्नबर्ग आणि हिचकॉक यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या अभिजात हॉलिवुड चित्रपटांविषयी होता. तो या चित्रपटांवर जसाच्या तसा चढवला की तुम्हाला जाणवली तशी ओढाताण होणारच. भयपटांच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७च्या लेखात आणि पुढे १९९२च्या पुस्तकात नेमका तुमचाच अनुभव मांडला आहे, फक्त उलट बाजूने. मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारा तरुण पुरुष प्रेक्षक भावनेने मात्र जीव वाचवणाऱ्या मुलीसोबत जातो, कारण कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आणि कोणाच्या बाजूने घाबरतो या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आणखी एक सुचवते. ज्युडिथ मागे वळते आणि भावाचे नाव घेऊन ओरडते, त्या क्षणी थांबा. सुरुवातीला सोफ्यावर ‘मायकल आसपास कुठेतरी असेल’ असा उल्लेख येऊन जातो, पण तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. तोवर निनावी असलेल्या या नजरेला तोंडावर नाव देणारी पहिली व्यक्ती ज्युडिथ आहे. ती थेट भिंगात पाहते, ओळखते आणि रागावते. जिला निव्वळ पाहिली जाणारी म्हणून बसवले होते, तीच सबंध दृश्यात एकटी नीट पाहणारी ठरते. या क्षणाविषयी फार कमी बोलले जाते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्रतिसाद : करवंद

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण माझा त्यांना काहीसा विरोध आहे. नजर कोणाची, हा प्रश्न सोडवता सोडवता नजर कोणावर आणि किती वेळ, हा प्रश्न हातातून निसटतो आहे.

‘हॅलोविन’मध्ये सोफ्यावर दोघे होते. तो तरुण सदरा घालत जिना उतरतो, दाराबाहेर पडतो आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. कॅमेरा आडोशाला उभा राहून त्याच्या जाण्याची वाट पाहतो. आपल्या चित्रपटात शरीरसंबंधाची शिक्षा म्हणून कोणी मरत नाही, असे कारपेंटर यांनी अनेकदा सांगितले आहे आणि त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीनंतर एक जण घरी जातो आणि दुसरीकडे सुरी येते, ही रचना पडद्यावर आहेच. ‘जॉज’च्या (१९७५) सुरुवातीलाही तेच. पाण्याखालची नजर शार्कची, म्हणजे तिला स्त्री-पुरुष काही नाही. तरी ती खालून पाहते ते पोहणाऱ्या मुलीचे विवस्त्र शरीर, आणि तिच्या मागे आलेला मुलगा दारूच्या नशेत किनाऱ्यावर झोपी जातो.

जेथे दोघेही मरतात तेथे घड्याळ लावून पाहावे. पिंपळपान यांनी सांगितलेल्या १९५८च्या शिबिराच्या दृश्यात मुलगा एका वारात कोसळतो. मुलगी मात्र मागे सरकत राहते, विनवते, आडोसा शोधते, कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे येत राहतो आणि शेवटी तिच्या किंकाळीवर चित्र गोठते. ‘स्क्रीम’मध्ये अंगणात बांधलेला केसीचा मित्र स्टीव्ह काही क्षणांत संपतो, आणि ड्रू बॅरिमोरने साकारलेल्या केसीचे मरण सुमारे बारा मिनिटांच्या प्रसंगाला पुरते. पुरुषांचे मरण झटपट किंवा दूरून आणि स्त्रियांचे जवळून व लांबवलेले, हे क्लोव्हर यांनीही नोंदवलेले आहे, त्यामुळे त्यांचा दाखला देताना हा अर्धा भाग गाळू नये. माझ्या मते लिंगभेद भिंगात कमी आणि संकलकाच्या टेबलावर जास्त आहे.

प्रतिसाद : निषादिनी

करवंद यांच्याशी मी सहमत आहे, फक्त संकलनासोबत ध्वनीचीही भर घालावी. ‘स्क्रीम’च्या त्या प्रसंगात बराच वेळ पडद्यावर हिंसा नसते, असतो तो रॉजर जॅक्सन यांचा फोनवरचा आवाज. आधी तो मुलगा लाडीगोडीने बोलतो आहे असे वाटते, मग ‘कोणाकडे पाहतो आहे हे कळावे म्हणून’ तो तिचे नाव विचारतो आणि त्या वाक्यासरशी घराच्या सगळ्या काचा धोक्याच्या होतात. येथे मारेकऱ्याच्या नजरेचा एकही लांब शॉट लागत नाही, कारण पाहिले जाण्याची जाणीव आवाजानेच करून दिलेली असते. केसीचा आवाज मात्र हळूहळू काढून घेतला जातो. आईवडील अंगणात येतात तेव्हा घायाळ झालेली केसी त्यांना हाक मारू शकत नाही आणि आईला तिची घरघर फोनच्या रिसीव्हरमधून ऐकावी लागते. तो प्रसंग मला आजही सलग पाहवत नाही.

याच्या उलट बाजूची दोन उदाहरणेही जवळ ठेवा. ‘इट फॉलोज’च्या (२०१४) सुरुवातीला कॅमेरा रस्त्याच्या मध्यावर उभा राहून सावकाश गोल फिरतो. उंच टाचांच्या चपला घातलेली मुलगी घरातून धावत बाहेर येते, अर्धे वर्तुळ धावून पुन्हा घराकडे वळते, शेजारीण आणि वडील विचारपूस करतात, पण तिच्या मागे कोणीच दिसत नाही. ही नजर कोणाचीही नाही आणि म्हणूनच ती कोणाचीही असू शकते. ‘गेट आउट’मध्ये (२०१७) गोऱ्यांच्या सुखवस्तू वस्तीतून रात्री एकटा चालणारा, मागून येणाऱ्या मोटारीला घाबरणारा माणूस हा कृष्णवर्णीय तरुण आहे. इतकी वर्षे मुलीसाठी राखून ठेवलेल्या जागी जॉर्डन पील यांनी त्याला आणले, आणि ती जागा सत्तेच्या उतरंडीत खाली ठेवलेल्या माणसाची असते हे एका लांब शॉटमध्ये दिसले.

वैशाखी

सर्वांचे मनापासून आभार. पहिले वाक्य मी खोडले आहे. आता असे ठरवते आहे की ‘हॅलोविन’चे दृश्य मुखवटा निघण्याच्या आधी थांबवायचे आणि चालणारी व्यक्ती कोण, किती वयाची, किती उंचीची, हे प्रत्येकाने कागदावर लिहायचे. कागद वाचून झाले की हाताची गोष्ट सांगेन आणि मग १९५८च्या शिबिराचे दृश्य घड्याळासह दाखवेन. ज्युडिथ नाव घेते तो क्षण मी दोनदा दाखवणार आहे. भिंगवाला, मुखवटा निघाला की दृश्य तेथेच थांबवावे का?

भिंगवाला

कृपा करून तेथे थांबवू नका. मुखवटा निघताच पहिल्यांदा उलट बाजूचा, म्हणजे पाहणाऱ्यालाच दाखवणारा, शॉट येतो आणि मग कॅमेरा क्रेनवरून मागे व वर जात राहतो. आईवडील दोन्ही बाजूंना जागच्या जागी उभे, मध्ये सुरी धरलेला मुलगा, आणि तिघांपैकी कोणीच हलत नाही. इतका वेळ त्याच्या डोळ्यांत कोंडलेले आपण येथे बाहेर पडतो आणि त्याच्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. ‘ब्लॅक ख्रिसमस’ हा उलट शॉट शेवटपर्यंत देत नाही, त्यामुळे वेळ उरला तर दोन्ही एकापाठोपाठ दाखवा. आणि दिवे थोडे आधीच मालवा, कारण चित्र उजळण्यापूर्वी मुलांचे हॅलोविनचे बडबडगीत ऐकू येते आणि कुजबुज चालू असली तर ते हमखास हुकते.