स्मोक्तुनोव्स्की यांचा हॅम्लेट: सोसलेले आयुष्य की कमावलेला अभिनय?

धागालेखक
सोव्हिएत दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिंत्सेव यांच्या १९६४च्या चित्रपटातील हॅम्लेट इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की यांच्या आयुष्यातूनच आला, असे माझे ठाम मत आहे. सैबेरियातील एका खेड्यात १९२५ साली जन्मलेले हे नट दुसऱ्या महायुद्धातील कुर्स्कच्या लढाईत होते, १९४३च्या अखेरीस जर्मनांच्या हाती सापडले, निसटले आणि एका युक्रेनी कुटुंबाने लपवून ठेवल्यामुळे वाचले. पुढे मायदेशातच युद्धकैद्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा अटकेच्या धास्तीने ते आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या नोरिल्स्कमधील नाट्यगृहात गेले. स्मोक्तुनोविच हे आडनावही तिथेच बदलले. बासरीच्या प्रसंगात, आपल्याला वाद्यासारखे वाजवू पाहणाऱ्या हेरमित्रांशी ते ज्या हळू, थकलेल्या पण न वाकणाऱ्या आवाजात बोलतात, तो आवाज तालमीत सापडत नाही.

प्रतिसाद १
पूर्णपणे असहमत. याच चित्रपटात क्लॉडियस झालेले मिखाईल नाझवानोव यांनीही १९३०च्या दशकात श्रमछावणी भोगली होती. मग छळ सोसलेल्या माणसाने छळणाऱ्या राजाची भूमिका इतकी समर्थपणे कशी केली? नटाच्या यातनांना श्रेय दिले की त्याची मेहनत झाकली जाते. लेनिनग्राडमध्ये नाट्यदिग्दर्शक तोव्स्तोनोगोव यांच्या हाताखाली १९५७ साली रंगवलेला, दोस्तोयेव्स्कीच्या 'इडियट' कादंबरीचा नायक प्रिन्स मिश्किन ही या हॅम्लेटची खरी पूर्वतयारी होती. शिवाय 'जगावे की मरावे' हे स्वगत समुद्रकाठच्या खडकांतून चालताना केवळ मनातला आवाज म्हणून ऐकवण्यात दिग्दर्शकाचाही वाटा आहेच.

प्रतिसाद २
मीही याच बाजूचा. एल्दार रियाझानोव यांच्या १९६६च्या विनोदी चित्रपटात स्मोक्तुनोव्स्की लाचखोरांच्या मोटारी चोरून पैसे अनाथालयांना देणारा भाबडा देतोच्किन झाले, आणि तो हौशी रंगमंचावर चक्क हॅम्लेट करतो! आयुष्य तेच, पण या माणसात पाळतीखालच्या राजपुत्राची सावलीही नाही.

धागालेखक
मिश्किनचा मुद्दा मान्य. त्या भूमिकेशिवाय कोझिंत्सेव यांचे लक्ष त्यांच्याकडे कदाचित गेलेही नसते. परंतु देतोच्किनबद्दल माझे मत उलट आहे. त्या चित्रपटात वाहतूक पोलिसाची भूमिका करणारे गिओर्गी झ्झ्योनोव स्वतः छावणी भोगून नोरिल्स्कला हद्दपार झालेले, तिथल्या रंगमंचावरचे स्मोक्तुनोव्स्कींचे सहकारी. सरकारी गणवेशासमोर उभा राहिलेला देतोच्किन ज्या विलक्षण निरागसपणे गोंधळतो, त्यात मला नुसते विनोदाचे कौशल्य दिसत नाही. त्या दोघांना असा गणवेश समोर येणे म्हणजे काय, हे आधीपासून ठाऊक होते.