पॅरिसहून पेर्शमधल्या मित्रांकडे एका दिवसात जाऊन येणं जमेल का?

नीलिमा_कोथरूड
नमस्कार मंडळी. मुलगी पॅरिसला शिकते, पुढच्या आठवड्यात मी आणि माझ्या सासूबाई (वय ७४, तब्येत ठणठणीत) तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी जातोय. २०११ साली एक फ्रेंच जोडपं पुण्यात आमच्या वरच्या खोलीत चार महिने भाड्याने राहिलं होतं, अगदी घरच्यासारखे झाले होते, गणपतीत मोदक वळायला बसायचे. आता ते रिटायर होऊन पेर्श भागात एका खेड्यात राहतात, जवळचं स्टेशन नोजाँ-ल-रोत्रू. त्यांनी मेमधल्या एका रविवारी जेवायला बोलावलंय, साडेबाराला या म्हणाले. आम्ही दोघी पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. ट्रेनने जावं की गाडी भाड्याने घ्यावी? हाताशी काय घेऊन जावं? आणि जाता जाता शार्त्रचं कथीड्रल बघून होईल का? मुलगी म्हणते आई एका दिवसात किती कोंबणार, पण मला वाटतं एवढं लांब चाललोय तर बघून घ्यावं.

बोस_एक्सप्रेस
नीलिमाताई, बारा वर्षं पॅरिसजवळ राहतोय, सासुरवाडी त्याच लाइनवर. ट्रेननेच जा. माँपार्नास स्टेशनवरून ल माँकडे जाणारी रीजनल गाडी पकडायची, साधारण दीड-पावणेदोन तास लागतात, गाडी बदलायची गरज नाही. फक्त रविवारी गाड्या कमी असतात, दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं, म्हणून आधी परतीची गाडी ठरवा आणि मग बाकीचा दिवस. त्यांना आत्ताच कळवून ठेवा की स्टेशनवर घ्यायला या, कारण रविवारी खेड्यात ना बस ना टॅक्सी, हाक मारायला रिक्षा नाही. तिकिटं मोबाईलवर आधीच काढा, छोट्या स्टेशनांची खिडकी उघडी असेलच असं नाही. माँपार्नास प्रचंड मोठं आहे आणि प्लॅटफॉर्मचा नंबर गाडीच्या जेमतेम वीस मिनिटं आधी बोर्डावर येतो, तर सासूबाईंना धावपळ नको, अर्धा तास आधी पोचा.

खिडकीशी बसा. पॅरिस संपलं की बोसचं सपाट मैदान लागतं, फ्रान्सचं गव्हाचं कोठार म्हणतात त्याला, मेच्या सुरुवातीला मोहरीसारखी पिवळी कोल्झाची शेतं आणि मग अचानक शेतांवर तरंगल्यासारखे कथीड्रलचे दोन मनोरे दिसतात, एक साधा बाराव्या शतकातला, दुसरा नक्षीदार सोळाव्या शतकातला, दोघांची उंचीही वेगळी. शार्त्रनंतर जमीन उंचसखल होते, झाडांच्या कुंपणांची शेतं सुरू होतात, तिथून पेर्श.

अनुजा_त
मला गाडीपेक्षा शाकाहाराचं बोलायचंय, कारण यात माझ्या आईची फार कुचंबणा झाली होती. नुसतं "शाकाहारी" सांगू नका, बरेच लोक त्यात मासेही धरतात. स्पष्ट लिहा: नी व्यांद, नी प्वासों, म्हणजे ना मांस ना मासे, आणि लार्दों पण नको, ते बेकनचे छोटे तुकडे क्वीशमध्ये (अंड्याचा खारा टार्ट) आणि सॅलडमध्येही टाकतात. हे आठवडाभर आधी कळवा, आयत्या वेळी सांगितलं तर यजमानीण बिचारी ओशाळते. आणखी एक, सासूबाई कडक पाळत असतील तर पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, ते त्यांना आधीच सांगून ठेवा, खायचं की नाही त्या ठरवतील.

भेटीबद्दल: खव्याचे पेढे, बर्फी आणू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बाकरवडी चालते, ती त्यांना पुण्याची म्हणून आवडेलही. फुलं न्यायची तर शेवंती सोडून काहीही. आपल्याकडे शेवंती देवाला, तिथे ती १ नोव्हेंबरला कबरींवर वाहतात.

बोस_एक्सप्रेस
अनुजाचं शेवंतीचं शंभर टक्के खरं. आणि साडेबाराला म्हणजे पावणेएकच्या सुमारास पोचा, दहा-पंधरा मिनिटं उशीर तिथे शिष्टाचार आहे, लवकर मात्र जाऊ नका. स्टेशनवरच भेटणार असाल तर प्रश्नच नाही.

रस्त्यावर_राज
गाडीचंही सांगतो, मी गेलोय. साधारण दीडशे किलोमीटर आहे, टोल लागतो, भारतीय लायसन्ससोबत आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) घ्यावं लागतं. गावांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम आहे, तिथे आपल्यासारखे नवखे फसतात. खेड्यांच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८० ची मर्यादा, आणि गावाच्या नावाची पाटी लागली की ती ५० होते, वेगळा बोर्ड नसतो. रविवारी संध्याकाळी पॅरिसकडे परतताना ट्रॅफिक तुंबतो. एका दिवसासाठी मी पण ट्रेनच म्हणेन.

पण शार्त्रचं मी वेगळं सांगतो, सकाळी लवकर निघालात तर तासभर उतरून बघून पुढची गाडी धरता येईल. आतल्या काचा बाराव्या-तेराव्या शतकातल्या आहेत, तो निळा रंग बघायलाच लोक जगभरातून येतात, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

अनुजा_त
नको हो राज. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, दोघींना सामान घेऊन चढ चढायचा, आणि पुढची गाडी चुकली तर यजमानांचं जेवण थंड. फ्रेंच घरातलं रविवारचं जेवण म्हणजे अपेरो (जेवणाआधीचं पेय), पहिली डिश, मुख्य डिश, चीज, गोड, कॉफी, यात सहज चार वाजतात आणि मग सगळे मिळून गावात फिरायला निघतात. तेच बघायचंय ना? चौदा वर्षांनी भेटताय, तो वेळ त्यांचा. शार्त्र वेगळ्या दिवशी करा, पॅरिसहून साधारण तासाभराचं अंतर आहे.

नीलिमा_कोथरूड
तीन आठवड्यांनी लिहितेय, जाऊन आलो! तुमचं ऐकून शार्त्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं. आमचा फ्रेंच मित्र स्टेशनवर उभा होता, सासूबाईंना बघून लांबूनच दोन्ही हात जोडले, मग त्यांनीच पुढे होऊन त्याचे गाल धरले. जेवायला हिरवा आस्परागस, क्रीममधले बटाटे, अक्रोड घातलेलं सॅलड आणि रुबार्बचा टार्ट, लार्दों कुठेच नाही. सासूबाईंनी बकरीच्या दुधाचं चीज पाव इंचाचं चाखलं आणि पाव ताटात न ठेवता टेबलावर ठेवतात हे बघून त्यांना राहवेना, पण मी डोळ्यांनी खुणावलं. वाईन नको म्हटल्यावर सफरचंदाचा रस आला.

साडेचारला फिरायला गेलो, शेजारच्या कुरणात पेर्शरॉन घोडे होते, राखाडी, अवाढव्य, पूर्वी पॅरिसच्या घोडागाड्या हेच ओढायचे म्हणे. परत आल्यावर त्याच्या बायकोने एक वही काढली, त्यात २०११ साली माझ्याकडून लिहून घेतलेली उकडीच्या मोदकांची कृती, माझ्या अक्षरात. सासूबाईंनी चुकलेलं पाण्याचं प्रमाण तिथेच पेनाने दुरुस्त केलं. सातनंतरची गाडी धरली, परत येताना बाहेर चांगला उजेड होता, मनोरे पुन्हा दिसले. तिकीट खिडकी खरंच बंद होती, आधी काढली होती म्हणून बरं. आता सप्टेंबरात ते पुण्याला यायचं म्हणतायत, गणपतीच्या वेळी, तर वरची खोली रंगवून घ्यायची आहे.