‘निधन’, ‘श्रद्धांजली’ आणि ‘दीदी गेल्या’

६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी सांगलीहून आत्याचा फोन आला आणि ती एवढेच म्हणाली, “अरे, दीदी गेल्या.” कोण दीदी, असे मी विचारले नाही. आत्याने लताबाईंना उभ्या आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष पाहिले नव्हते आणि मंगेशकरांचे सांगलीतले बिऱ्हाड तर तिच्या जन्माआधीच हलले होते, तरीही त्या दोन शब्दांनंतर ती बराच वेळ बोलू शकली नाही. तासाभराने सोसायटीच्या चिटणिसांनी मला खाली बोलावले, कारण फळ्यावर माझे अक्षर बरे येते. मी खडूने ‘गानसम्राज्ञी लता मंगेशकर यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले. त्यातला ‘श्रद्धांजली’ हा शब्द मी घाईत ‘ध’ला ‘द’ जोडून लिहिला होता; तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी काही न बोलता ते जोडाक्षर बोटाने पुसले आणि ‘द’ला ‘ध’ जोडून नीट केले. दोन पावले मागे सरून फळा वाचला तेव्हा मला जाणवले की आत्याच्या दोन शब्दांत जे होते ते माझ्या आठ शब्दांत उतरलेले नाही. तेव्हापासून एखादा गायक, वादक किंवा नट गेला की त्याच्याबद्दल आपण कोणते शब्द वापरतो, ते कुठून आले आणि त्या माणसाला ते शोभतात का, याकडे माझे लक्ष असते. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. जाणकारांनी दुरुस्ती करावी व भर घालावी.

‘श्रद्धांजली’पासून सुरुवात करतो. अंजली म्हणजे ओंजळ, आणि ‘ओंजळ’ हा शब्दही ‘अंजली’तूनच आलेला आहे. ओंजळीत फुले असली की पुष्पांजली, तीळ आणि पाणी असले की तिलांजली. यांतली मृतासाठीची ओंजळ मुळात तिलांजली. पुष्पांजली आपण आरतीनंतर देवाला वाहतो, तिचा मरणाशी संबंध नाही. मराठीत मात्र ‘तिलांजली देणे’ याचा अर्थ एखादी गोष्ट कायमची सोडून देणे असा झाला, आणि मृतासाठीच्या ओंजळीची जागा श्रद्धांजलीने घेतली. ‘श्राद्ध’ हा शब्द ‘श्रद्धा’पासूनच बनलेला असल्यामुळे त्या शब्दाभोवती मरणाची छाया आधीपासून होती, म्हणून हा बदल कानाला खटकला नसावा. आज जिवंत माणसाला कोणी श्रद्धांजली वाहिली तर ते अशुभ मानले जाईल. ‘आदरांजली’चे तसे नाही. एखाद्या ज्येष्ठ गायिकेच्या पंचाहत्तरीला तिच्या शिष्यांनी केलेल्या मैफलीला आदरांजली म्हणता येते, जयंतीला म्हणता येते, स्मृतिदिनालाही म्हणता येते. नुकत्याच गेलेल्या माणसाला श्रद्धांजली आणि काळ लोटल्यावर आदरांजली, असा भेद पुष्कळ लोक पाळतात. तो कुठे नियम म्हणून लिहिलेला नसला तरी मला तो योग्य वाटतो, कारण ताज्या दुःखात आदरापेक्षा अधिक काहीतरी असते.

‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ या वाक्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गीतेने ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ असे सांगितले असताना आत्मा मृत कसा, असे विचारले जाते. हा आक्षेप समास चुकीचा सोडवल्यामुळे येतो. ‘मृत असा आत्मा’ असा विग्रह केला तर आक्षेप खरा ठरतो, पण ‘मृताचा आत्मा’ असा विग्रह केला तर शब्दात दोष उरत नाही. माझी अडचण वेगळी आहे. डॉ. श्रीराम लागू १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात गेले, तेव्हा ईश्वराने त्यांच्या आत्म्याला शांती द्यावी अशा संदेशांचा पूर आला. देवाला निवृत्त करावे, असे ज्या माणसाने जाहीरपणे मांडले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला, त्याच्यासाठी आपण ज्याचे अस्तित्व त्याने नाकारले त्याच्याकडेच मागणे मागत होतो. लिहिणाऱ्यांच्या मनात अनादर नव्हता, हे मला ठाऊक आहे. शब्द हाताशी तयार होते, एवढेच. पण तयार शब्द उचलताना तो माणूस कोण होता याचा विसर पडतो, आणि कलावंताच्या बाबतीत तर ही विस्मृती फार वाईट, कारण आपण त्याच्यासाठी शोक करतो तो तो कोण होता याचसाठी.

नावाआधीच्या विशेषणांत ही अडचण आणखी ठळकपणे दिसते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, हा शब्द शैव. वारकरी कीर्तनकारांसाठी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात. मुसलमान व्यक्तीसाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती व्यक्तीसाठी ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द मराठीने त्याच धाटणीवर घडवले. बौद्ध समाजात ‘कालकथित’ लिहिण्याची पद्धत आहे; पालीत ‘कालकत’ म्हणजे मरण पावलेला, आणि या शब्दात कैलास, वैकुंठ किंवा स्वर्ग यांपैकी काहीच नाही. आंबेडकरी शाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले. त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लावलेले मी छापील पत्रिकेत पाहिले आहे, आणि त्यांच्याच लोकांनी लिहिलेले ‘विनम्र अभिवादन’ही पाहिले आहे. यांपैकी कोणते त्यांना शोभते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सर्वांना चालणारा शब्द म्हणून आपण ‘दिवंगत’ वापरतो. व्युत्पत्तीने त्याचाही अर्थ ‘स्वर्गात गेलेला’ असाच आहे, परंतु तो अर्थ आता कोणाच्या मनात येत नाही, म्हणून तो वापरण्यास माझी हरकत नाही. ‘स्वर्गीय’ मात्र टाळावा असे मला वाटते. मराठीत ‘स्वर्गीय आवाज’ म्हणजे अलौकिक आवाज. हिंदीच्या वळणाने तोच शब्द मृतासाठी येऊ लागल्यामुळे ‘स्वर्गीय गायिका’ म्हणजे कशी गायिका, हा प्रश्न पडतो, आणि स्तुतीचा एक चांगला शब्द हातचा जातो.

उस्ताद झाकिर हुसेन यांच्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली. ते १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे गेले. आपल्याकडे त्या रात्री बातमी पसरली, मग कुटुंबीयांकडून ते हयात असल्याचे सांगण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी खरी ठरली. मधल्या काही तासांत ज्यांनी श्रद्धांजली लिहिली होती त्यांनी ती पुसली आणि सकाळी तीच पुन्हा लिहिली. विक्रम गोखले यांच्या बाबतीतही नोव्हेंबर २०२२ मध्ये हेच झाले होते. ते २६ तारखेला गेले, पण त्यांच्या निधनाचे वृत्त त्याआधीच गावभर झाले होते आणि घरच्यांना ते खोडून काढावे लागले होते. दवाखान्यात माणूस झुंजत असताना त्याच्या घरच्यांवर अशी वेळ आणणे क्रूर आहे. शब्दांपुरते बोलायचे तर झाकिरभाईंसाठी ‘पंचत्वात विलीन’ हे शब्दही लिहिले गेले. त्यांचे दफन झाले. पाच महाभूतांत पृथ्वीही आहे, त्यामुळे अर्थाने ते शब्द चुकीचे ठरत नाहीत, पण मराठीत या प्रयोगाला चितेचा वास आहे. तेथे ‘दफनविधी’ हा साधा शब्द पुरेसा होता.

आता ‘न भरून येणारी पोकळी’. भरून येते ती जखम, भरून येते ते आभाळ, आणि भरून येतो तो ऊर. हानी भरून निघते आणि खड्डा आपण भरून काढतो. पोकळी आपणहून भरून येत नाही, मग ती कोणीही गेल्याने झालेली असो. ‘कधीही न भरून निघणारी हानी’ आणि ‘न भरून येणारी जखम’ या दोन चांगल्या प्रयोगांचे तुकडे एकत्र जोडून हा तिसरा तयार झाला असावा, असा माझा अंदाज आहे. तशीच ‘महाराष्ट्राने एक थोर कलावंत गमावला’ ही रचना. मराठीत माणूस संधी गमावतो, पैसा गमावतो, विश्वास गमावतो, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणाचा काही अंश असतो. आईवडील गेले तर आपण ‘छत्र हरपले’ म्हणतो. ‘हरपणे’मध्ये आपल्या हातून काही सुटल्याचा दोष येत नाही, जे होते ते नाहीसे झाले एवढेच येते. भीमसेनजींसारख्या गायकाबद्दल ‘सूर हरपला’ म्हणणे म्हणूनच मराठीच्या स्वभावाला धरून आहे, मग ते कितीही वेळा छापून आलेले असो.

नटांसाठी ‘एक्झिट’ हा शब्द रूढ झाला आहे आणि पुष्कळांना तो इंग्रजी म्हणून नको वाटतो. मला तो नकोसा वाटत नाही, कारण मराठी नाटकाच्या तालमीत तो रोज उच्चारला जातो आणि तेथे तो मराठीच आहे. पण रंगमंचावर एक्झिट घेणारा नट विंगेत उभा राहून पुढच्या एण्ट्रीची वाट पाहत असतो. एक्झिट हा नाटकाच्या मधला शब्द आहे. शेवटासाठी नाटकवाल्यांचा शब्द ‘पडदा पडणे’ हाच आहे, आणि ‘काळाच्या पडद्याआड जाणे’ याचा रंगभूमीवरच्या माणसाबद्दल उपयोग झाला तर तो खरोखर जागेवर बसतो.

‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ या शब्दांतला ‘इतमाम’ एरवी कुठे भेटत नाही. तो अरबीतल्या ‘इहतिमाम’वरून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ काळजी, आस्थेने केलेली व्यवस्था असा आहे; मराठीत त्याचा थाट झाला. शिवाजी पार्कवर त्या रविवारी संध्याकाळी लताबाईंना बंदुकांची सलामी झाली तेव्हा दूरदर्शनवर हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकला, आणि त्याचा जुना अर्थ ठाऊक असल्यामुळे तो मला कोरडा वाटला नाही.

ज्या शब्दासाठी मी हे सगळे लिहायला घेतले तो शब्द ‘निधन’. वर्तमानपत्री आणि थंड म्हणून मी त्याला वर्षानुवर्षे नाके मुरडली. पुढे सामगानाविषयी, म्हणजे सामवेदातल्या मंत्रांच्या गायनाविषयी, वाचताना कळले की सामाचे पाच भाग असतात: प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन. प्रस्ताव प्रस्तोता गातो, उद्गीथ हा मुख्य भाग उद्गाता गातो, प्रतिहार प्रतिहर्ता गातो, उपद्रव पुन्हा उद्गात्याकडे येतो, आणि निधन, म्हणजे शेवटचा भाग, तिघे मिळून एका स्वरात गातात. छांदोग्य उपनिषदात ऋतूंवर सामाची कल्पना केली आहे. तेथे पाच भाग मोजताना उपद्रव सोडून आरंभीचा हिंकार, म्हणजे ‘हिं’ हा उच्चार, धरला आहे: वसंत हा हिंकार, ग्रीष्म प्रस्ताव, वर्षा उद्गीथ, शरद प्रतिहार आणि हेमंत निधन. म्हणजे हा शब्द मरणाबरोबरच गाण्याचाही आहे, आणि गाण्यातही अशा जागेचा, जिथे एकट्याने गाणाऱ्याचा सूर बाकीचे उचलून धरतात. मी हे वाचले त्या दिवशी फळ्यावर लिहिलेला ‘निधन’ हा शब्द मला आठवला आणि त्याच्याबद्दलची तक्रार संपली. ‘दुःखद’ मात्र मी पुन्हा लिहिणार नाही. गायकाच्या निधनाला त्या विशेषणाची गरज नाही.

या अर्थाने पाहिले तर संगीतातल्या माणसाला वाहायची खरी अंजली ‘स्वरांजली’च आहे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. पंडितजी स्वतः २४ जानेवारी २०११ रोजी गेल्यावर त्या महोत्सवाच्या नावात गुरूपाठोपाठ शिष्याचेही नाव आले. वर्षानुवर्षे हजारो माणसे थंडीत शाली पांघरून, सतरंजीवर मांडी घालून तेथे बसत आली आहेत, आणि तानपुरे जुळू लागले की मंडपातली कुजबुज आपोआप थांबते. (पुण्यतिथी हा शब्द काटेकोरपणे तिथीसाठी आहे, इंग्रजी तारखेने पाळायचा तो ‘स्मृतिदिन’, आणि समासातला ‘ति’ ऱ्हस्व.)

आता आत्याच्या वाक्याकडे येतो. मराठी माणसाने आपल्या कलावंतांना नात्याने हाक मारली: पु. ल. देशपांडे ‘भाई’, सुधीर फडके ‘बाबूजी’, भीमसेनजी ‘अण्णा’, किशोरी आमोणकर ‘ताई’. ‘दीदी’ हा मूळचा मराठी नातेशब्दही नव्हे, पण मंगेशकरांच्या घरातून तो बाहेर आला आणि सगळ्यांचा झाला. अशा नात्याच्या शब्दापुढे ‘यांचे निधन झाले’ लागत नाही. तेथे ‘वारले’ही नको वाटते. तेथे ‘गेले’ किंवा ‘गेल्या’ लागते, आणि त्या क्रियापदाबद्दल आपल्या घरांत एक जुनी शिस्त आहे. दारातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. लहानपणी सांगलीहून निघताना मी चुकून ‘जातो’ म्हणालो की आत्या पिशवी हातातून काढून घ्यायची, पुन्हा पाटावर बसवायची, हातावर चमचाभर दही घालायची आणि माझ्याकडून ‘येतो’ म्हणवून घेतल्यावरच उंबरा ओलांडू द्यायची. तिने आयुष्यभर स्वतः ते क्रियापद कोणाच्याही निघण्याला लावले नाही. त्या रविवारी फोनवर ते तिच्या तोंडून आले.